पाठराखणीनं उचललेली ताटं

आये, तिच्या बापानं चहाचा कप बशीत ठेवला आणि मला म्हणाला, "तुझ्या आईला आपण नर्स म्हणू." तिथं माझं सगळं फिरलं. तोवर मी त्या घरचा जावई होत होतो. इस्त्रीचा शर्ट घातला होता, महाप्याच्या कंपनीत अर्धी रजा टाकली होती. वाशीच्या ज्या बिल्डिंगचा जिना तू रोज चढायचीस, तोच मी पहिल्यांदा पाहुणा म्हणून चढलो होतो. पोह्यांवर ओलं खोबरं होतं. ती आतल्या दारात उभी राहून डोळ्यांनीच मला सांगत होती, गप्प बस, नीट चाललंय. आणि मग तो कप, ती बशी आणि नर्स. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की आता तुझा आवाज आठवायचा तर मला डोळे मिटून घ्यावे लागतात. आणि हा माणूस आज तुला नवी नोकरी लावून देतोय!

तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. मग पत्र कशाला, असं विचारशील. कोणाला सांगू? मामाला सांगितलं तर कोयता घेऊन निघेल. कंपनीतल्या पोरांना सांगितलं तर टपरीवर महिनाभर मला 'नर्सचा मुलगा' म्हणून हाक मारतील. म्हणून तुला लिहितो. आणि भडकून लिहितो, कारण थोडा तुझ्यावरही भडकलोय. थोडा नाही, चांगलाच.

तुला किती नावं होती ग त्या बिल्डिंगमध्ये! तळमजल्यावर तू कामवाली. पहिल्या मजल्यावर भांडीवाली, कारण तिथं झाडूपोछ्याला वेगळी होती. त्यांच्या घरात, म्हणजे तिच्या घरात, तिची आई, आपल्या वहिनी, तुला 'बाई' म्हणायच्या. पाहुण्यांसमोर 'आमच्याकडची बाई', आणि साहेब फोनवर बोलताना 'मोलकरीण'. पोराला कडेवर घेतलंस की आया झालीस. दिवाळीच्या आधी माळे साफ करायचे असले, की सगळ्या मजल्यांवर एकदम 'मावशी'. आणि दुसऱ्या मजल्यावरच्या त्या आजी! त्यांनी तर तुझ्या आधी जी होती तिचंच नाव तुला लावून टाकलं. म्हणे, नवं कोण पाठ करणार. तू त्या नावाला ओ द्यायचीस. मी तुला विचारलं होतं, "तू ओ का देतेस? ते तुझं नाव नाय." तू खाडीतली मासळी, निवट्या, साफ करत होतीस, मान वर न करता म्हणालीस, "हाक मारली का काम हाय येवढं समजाचं. नाव कोनाचं का असंना." मला तेव्हाही राग आला होता. तो अजून गेला नाही.

कारण गावात तू कोण होतीस हे मी पाहिलं होतं. आपल्या बोनकोड्यात धवलारणीनं धवला म्हटल्याशिवाय लग्न लागत नव्हतं. हळदीपासून अक्षतांपर्यंत सगळं तिच्या गाण्यावर चालायचं. तुला बोलवायला लोक घरी यायचे, मोठमोठ्या मिशांचे, ज्यांच्या शेतावर आता बिल्डिंगी उभ्या आहेत ते. तुला पाट द्यायचे, पाटाखाली तांदळाची रांगोळी घालायचे, आणि नवरदेवाच्या आजीनं सुद्धा तुझ्या आधी बसायचं नाही. तू आवाज लावलास की मांडवातली पोरं गप्प व्हायची. बाप माझा आधीच गेलेला, तरी शुभकार्यात तुला कोणी मागं बसवलं नाही, कारण धवलारीण ती धवलारीण. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तीच तू पदर खोचून वाशीच्या बसला उभी. रात्रभर गाऊन घसा बसलेला. वहिनी म्हणायच्या, "बाई, आज आवाज का नाही तुमचा? सर्दी झालीय का? मग मुलांच्या जवळ जाऊ नका."

त्यांना कधी सांगितलं नाहीस तू. का नाही सांगितलंस?

तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी वहिनी गावात आल्या होत्या. वाईट माणूस नाही ती बाई, हेच तर अवघड आहे. वाईट असती तर बरं झालं असतं. रिक्षातून उतरल्या आणि विचारू लागल्या, "बाईंचं घर कुठलं?" गावात बाई म्हणजे शाळेतल्या बाई. लोकांनी त्यांना तिकडं पाठवलं. शाळेतल्या बाई धडधाकट बाहेर आल्या, वहिनी त्यांच्याकडे बघत राहिल्या. शेवटी कोणीतरी डोकं लावलं, "अगो, त्या धवलारनीला शोधतात वाटतं, जी काल गेली." वहिनी म्हणाल्या, "नाही हो, आमच्याकडे भांडी घासायच्या त्या." माझ्या मामीनं हात धरून त्यांना आपल्या दारात आणलं तेव्हा कळलं, की दोघी एकच. त्या माझ्या डोक्यावरून हात फिरवून रडल्या. मी हात झटकला. मामी म्हणाली, पोरगा दुःखात हाय.

पोरगा रागात होता, आये. तेव्हापासून रागातच आहे. कॉलेजही रागातच सोडलं. दुसऱ्या वर्षाला मराठीचे सर फळ्यावर जुने शब्द लिहीत होते. दासी, बटीक, कुणबीण, परिचारिका, दाई. विकत घेतलेली ती कोण, लग्नात आंदण दिलेली ती कोण, असं समजावत होते. सर चांगलेच शिकवत होते, मी वहीत उतरवूनही घेत होतो. तेवढ्यात मागून एक दादरहून येणारा पोरगा बोलला, "सर, याला विचारा ना, याच्या घरचा विषय आहे." वर्ग हसला. मी वही ठेवली, मागं गेलो, आणि त्याचा चष्मा गेला, दात हलला. प्राचार्यांनी माफी लिहून दे म्हटलं. नाही दिली. तू असतीस तर म्हणाली असतीस, "दे ना रं, कागुद तर हाय." तू असंच म्हणाली असतीस, मला माहीत आहे, आणि म्हणून तू नव्हतीस तेच त्या दिवशी बरं वाटलं.

पण त्या वर्गात तीही होती, आणि ती हसली नव्हती. वहिनींची धाकटी. पहिल्याच दिवशी ग्रंथालयाच्या रांगेत तिनं मला विचारलं होतं, "तू बाईंचा ना?" मी भांडायच्या तयारीत वळलो, तर तिचे डोळे भरलेले. म्हणाली, "मला त्या तांदळाची भाकरी चुलीवरून आणून द्यायच्या, पदरात गुंडाळून. आईला कळू न देता. ती गरम असायची, मला अजून वास येतो." मला माहीतच नव्हतं तू माझी भाकरी कोणाला देत होतीस ते! मी तिथंच गेलो, आये. कामातून गेलो. खाडीच्या बांधावर आम्ही बसायचो, ती माझं बोलणं सुधारायची. "पानी नाही, पाणी म्हण. बाबांसमोर बोलायचंय ना?" मी म्हणायचो, पाणी, लोणी, कोण, मण. बसमध्ये ओठ हलवत म्हणायचो, कंडक्टर बघायचा. मशीनवर सुद्धा म्हणायचो. चष्मा फोडणारा मी, आणि तिच्यासाठी बालवाडीतल्या पोरासारखा घोकत होतो. कॉलेज सुटलं तरी ती सुटली नाही. तिनं घरात आलेली दोन स्थळं परतवून लावली, चार दिवस जेवली नाही, आणि शेवटी बापाला म्हणाली, "त्याला निदान चहाला तर बोलवा."

आम्ही भेटायला लागलो तेव्हा तिनं मला एक वस्तू दिली. तुझा फोटो. आपल्याकडे तुझा एकही नव्हता. लग्नालग्नांतून फिरलीस, पण फोटोवाला यायचा तेव्हा तू गात असायचीस. हा फोटो तिच्या मोठ्या बहिणीच्या लग्नातला. तिनं घरच्या अल्बममधून गुपचूप काढून आणला होता. नवरी बसलीय आणि तिच्या खांद्यामागे तू, वहिनींच्या जांभळ्या साडीत, मोठं कुंकू लावून, कारण त्यांनीच सांगितलं होतं तसं लाव म्हणून. पाठराखीण म्हणून उभी आहेस.

त्या लग्नातले दिवस, तुला ठाऊक असले तरी, मला लिहून काढायलाच हवेत. नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई तिच्याबरोबर जाते, चार दिवस राहते. पोरीला एकटं वाटू नये म्हणून. पाठराखणीचा मान मोठा. तिनं त्या घरात काडी इकडची तिकडं करायची नाही, तिचं जेवलेलं ताटसुद्धा दुसऱ्यानं उचलायचं. मोठीबरोबर तिची मावशी जाणार होती, ती ऐनवेळी पाय मोडून पडली. दुसरं जायला कोणी मोकळं नाही. वहिनी तुला म्हणाल्या, "बाई, तुमच्या हातात वाढलीय ती. तुम्ही जा. फक्त आमच्याकडे काम करता हे बोलू नका. लांबची मावशी म्हणा." तू घरी येऊन मला सांगितलंस तेव्हा तुझा चेहरा! "साताऱ्याकडं चाललू मी, मोटारीतून. चार दिस हात बांधून बसाचं. मना जमल का रं?" आणि आपण दोघं हसलो होतो. तू मला पाटावर बसून दाखवलंस, पाहुण्यासारखी, हनुवटी वर करून. मी खोटं खोटं तुला पाणी आणून दिलं. तू म्हणालीस, "ठेव तिथं." आणि पुन्हा हसलो.

चार दिवसांसाठी गेलेली तू तिसऱ्याच दिवशी परत आलीस. मी शाळेतून तुला न्यायला त्यांच्या घरी गेलो तर आतून वहिनींचा आवाज. "चार दिवस, बाई. फक्त चार दिवस हात आवरता आले नाहीत तुम्हाला? भर पंगतीतून उष्टी ताटं उचललीत? तिची सासू सगळ्यांसमोर म्हणाली, पाठराखीण म्हणून भांडीवाली पाठवली. माझ्या पोरीला आता जन्मभर ऐकून घ्यावं लागेल." तू काय बोलतेस म्हणून मी कान देऊन उभा होतो. तू म्हणालीस, "चुकलंच, वैनी. हाताला सवय." आणि नळ सुटल्याचा आवाज आला. तू त्यांची भांडी घासायला बसली होतीस! साताऱ्याहून आलेली, अजून पाय धुतले नाहीत, जांभळी साडी बदलून तिथंच बसलीस. परतताना मी तुझ्याशी बोललो नाही. तू बसमध्ये म्हणालीस, "गाव चांगलं होतं पन. थंडी फार." मी तोंड फिरवलं. ते तू त्यांच्याकडे परत काम करायला लागलीस ना, त्याचा राग माझ्या पोटात अजून तसाच आहे. वाटायचं, एकदा तरी तुला मान मिळाला होता, तो तुला सांभाळता आला नाही. आपल्या लोकांना मिळाला तरी टिकत नाही. असं वाटायचं मला, इतकी वर्षं. आज सकाळपर्यंत.

आता आजचं ऐक. हे पत्र मी कुठं टाकणार नाही, फोटोला फ्रेम केली की मागच्या पुठ्ठ्यात घडी घालून ठेवणार आहे. तुझ्या पाठीशीच राहील.

तर नर्स. मी विचारलं, "नर्स कशाला?"

"अरे, शांतपणे ऐक," बाप म्हणाला. "आम्हाला काही नाही. तुझी आई आम्हाला घरच्यासारखी होती. पण लग्नाला मोठीच्या सासरचे येणार. विचारणार, मुलाचे आईवडील काय करत होते. वडील शेतकरी, छानच. आई नर्स होती. विषय संपला. कोणाला टेन्शन नाही."

"भांडी घासायची ती. तुमचीच."

"मग ते पत्रिकेत छापतोस का?" असं म्हणून तो हसला. हसण्यात वाईट काही नव्हतं, म्हणूनच मला ते सहन होईना.

वहिनी मऊ आवाजात म्हणाल्या, "आणि तो फोटो तेवढा मांडवात लावू नकोस, बाळ. तुमच्यात गेलेल्यांचे फोटो लावतात ना? हिनं आम्हाला सांगितलं तो तुझ्याकडे आहे म्हणून. मोठीच्या सासूबाई ती ताटं अजून विसरलेल्या नाहीत. चेहरा ओळखतील. त्यांनी विचारलंच तर आपण म्हणू, ती बाई वेगळी आणि तुझी आई वेगळी."

फोटो माझ्या खिशातच होता. दाखवायला नेला होता, मूर्खासारखा. मी काढून टीपॉयवर ठेवला. मोठीही तिथंच बसली होती, बोलण्यांसाठी साताऱ्याहून आलेली, मटार सोलत. तिनं फोटो पाहिला आणि तिचे हात थांबले.

"तिचा दोष नाही म्हणा," बाप पुढं बोलतच होता. "सवय असते. ताट दिसलं की हात जाणारच."

"बाबा, ताटं मला उचलायची होती."

सगळे मोठीकडे बघायला लागले. ती मटाराच्या ताटलीकडे बघून बोलत होती. "त्यांच्यात रीत आहे. नव्या सुनेनं पहिल्या पंगतीची उष्टी ताटं काढायची. मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. अंगात ताप होता, शालू आवरत नव्हता, पहिलंच ताट हातातून पडलं. सगळे हसले. बाई मागून आल्या, मला म्हणाल्या, तू बस, बाय. आणि भराभरा काढायला लागल्या. सासूबाई माझ्यावर ओरडल्या, पाठराखणीकडून ताटं काढून घेतेस, हे शिकवलं का आईनं? तेव्हा बाई म्हणाल्या..." तिनं एक शेंग उगाच फोडली. मग बोलली. "म्हणाल्या, पोरीला बोलू नका. मी पाहुनी नाय, मी यांची भांडीवाली हाय, माझ्या हाताला सवय."

आये, तू स्वतः म्हणालीस तो शब्द! कोणी चिकटवला नाही, तू हात लांब करून घेतलास, त्या पोरीच्या अंगावर ओरडा पडू नये म्हणून. आणि घरी येऊन वहिनींनाही तेच सांगितलंस, सवय. मीही तेच खरं धरलं. बसमध्ये मी तोंड फिरवून बसलो होतो तेव्हा एकदा सांगायचं होतंस ना! थंडीचं काय सांगत बसलीस?

वहिनींनी पदर तोंडाला लावला. मला वाटलं, आता झालं. आता कोणीतरी म्हणेल, राहू दे तो नर्सचा विषय. मी तिच्याकडे पाहिलं, आतल्या दारात. ती म्हणेल असं मला वाटलं.

ती म्हणाली, "ताई, आत्ता कशाला ते? एवढं जमत आलंय." मग माझ्याजवळ आली, सगळ्यांसमोर, आणि हळू म्हणाली, "तू म्हण ना नर्स. एका शब्दानं काय होतंय? माझ्यासाठी म्हण."

तुझी गरम भाकरी खाल्लेली ती. तिला खरंच कळत नव्हतं, आये. तिच्या डोळ्यांत फक्त मी होतो, एवढंच दिसत होतं, आणि ते मला हवंच होतं. तिच्यासाठी मी पाणी म्हटलं, लोणी म्हटलं. हेही म्हणून टाकावं, असं एकदा तोंडापर्यंत आलं. मोठीनं पुन्हा मटार सोलायला घेतले होते. टपटप आवाज येत होता.

मी फोटो उचलला. म्हणालो, "माझी आई गावात धवलारीण होती. तुमच्याकडे भांडी घासायची. आणि या ताईंची पाठराखीण होती. मांडवात फोटो लागेल आणि कोणी विचारलं तर मी हे तिन्ही सांगेन. चालत असेल तर कळवा."

"हट्टी आहेस," बाप म्हणाला. "थांब, पाणी तरी पी."

"पानी नको," मी म्हणालो. 'न' लावून म्हणालो, मुद्दाम. ती एकदम खाली बघायला लागली.

मी चपला घातल्या. मोठी दारापर्यंत आली, फोटोतल्या तुझ्या जांभळ्या साडीवर एक बोट ठेवलं आणि मागं सरली. मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं. सगळी बिल्डिंग हादरेल असं आपटायचं होतं मला ते. तेवढं तुझं देणं लागत होतो मी. पण खरं सांगतो, आये, आपटलं नाही. हळूच लावलं. आत ती होती.